कानशीने घासलेली खूण

त्यांचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, पण त्या यादीबाहेर ते कधी आलंच नाही. अख्खा कारखाना त्यांना मायक्रॉनकाका म्हणायचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कुणी नवखा टूलरूममध्ये येऊन "काका, जरा केसभर घासून द्या" म्हणाला, की काका चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कुणाचा केस? तुझा असेल सत्तर मायक्रॉनचा, माझे आता पन्नासवर आलेत, आणि तेही मोजायला फारसे उरलेले नाहीत." हा विनोद एकोणतीस वर्षं चालला होता आणि दर वेळी त्याला हसणारं कुणीतरी नवीन सापडत होतं.

कारखान्यात कॅन बनत. दहा लिटरचे, पांढरे, डायलिसिसचं द्रावण भरायचे. गरम प्लास्टिकची मऊ नळी वरून लोंबत खाली येते, साच्याचे दोन अर्धे दोन्ही बाजूंनी येऊन तिच्यावर मिटतात, आत हवा फुंकली की नळी फुगून साच्याला चिकटते, आणि निवल्यावर साचा उघडून कॅन हातात येतो. साचा अ‍ॅल्युमिनियमचा. त्याच्या मिटणाऱ्या कडांमध्ये त्याचा सगळा जीव, कारण त्या कडाच प्लास्टिक चिमटून जोड लावतात. कड जराशी दबली की जोड कच्चा, जोड कच्चा की कॅन गळका, आणि असला कॅन हॉस्पिटलात गेला तर काय होईल हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

हे साचे काका सांभाळत. कोवळ्या वयात ज्या उस्तादाच्या हाताखाली ते लागले, त्याने त्यांना तीन महिने पोलादाचा एकच ठोकळा घासायला लावला होता. सहाही बाजू चोख काटकोनात आल्या तेव्हा उस्ताद म्हणाला, "आता हा फेकून दे आणि दुसरा घे." काकांनी तसंच केलं, आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्यांना तसंच करायला लावलं. त्यांच्या टूलरूमच्या भिंतीवर एक फळा होता. प्रत्येक पान्याची, प्रत्येक किल्लीची आकृती त्यावर रंगवलेली. पाळी संपताना एकही आकृती रिकामी दिसली, तर कुणी घरी जायचं नाही. एकदा एका पान्यासाठी त्यांनी बारा जणांना पाऊण तास उभं केलं होतं. लोक शिव्या घालत, पण साहेब पाहुण्यांना तो फळा मुद्दाम नेऊन दाखवत.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका मंगळवारी सकाळी सात नंबरच्या मशीनवर साच्याच्या गळ्याचा भाग ढिला झाला. त्या मशीनवर पस्तिशीची एक बाई होती. चार वर्षं तिथेच, म्हणून तिला सगळे सातवाली म्हणत. काका आले, वाकले, सहा मिलिमीटरच्या अ‍ॅलन-की या षटकोनी किल्लीने दोन स्क्रू आवळले. तेवढ्यात पलीकडून साहेबांनी हाक मारली, तीन नंबरला तेल गळत होतं. काकांनी किल्ली साच्याच्या खालच्या कडेवर, मागच्या अंगाला ठेवली आणि वळले.

"काका, झालं?" सातवालीने विचारलं.

"झालं. चालव."

तिने नेहमीप्रमाणे साच्यात पुढून हात फिरवला. मागच्या अंगाला तो पोचत नाही. मग तिने जाळीचं दार लावलं आणि बटण दाबलं.

आवाज फार मोठा आला नाही. खाण्यात खडा आल्यावर दाताखाली येतो तेवढाच. पण काकांना तो पंचवीस पावलांवरून कळला. त्यांनी धावत येऊन साचा उघडला. किल्ली धनुष्यासारखी वाकून कडेत रुतली होती. सातवाली दुसऱ्या बाजूला, पॅनेलपाशी होती. तिला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

काय करतोय हे मनाला कळायच्या आत हात किल्ली उपसून खिशात घालून मोकळा झाला.

"काय झालं काका?"

"तुकडा राहिला होता. कडक झालेलं प्लास्टिक," काका म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "हात फिरवला नव्हतास?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "फिरवला की. फिरवला होता काका."

"मग हे काय?"

एवढंच. त्यांनी वर काही रचलं नाही, रचायची गरजही पडली नाही. आत बघणं ऑपरेटरचं काम, हा नियम होता. आणि एकोणतीस वर्षांत ज्याच्या फळ्यावरची एक आकृती रिकामी राहिली नाही, त्याच्यावर कोण संशय घेणार? दुपारी साचा टूलरूममध्ये आला. कडेवर दोन मिलिमीटरचा खड्डा होता, आणि खड्ड्यात किल्लीच्या सहा कोनांची खूण नाण्यावरच्या छापासारखी उमटली होती. काकांनी दार लोटलं, बारीक कानस घेतली आणि ती खूण घासून टाकली. मग खणातून दुसरी किल्ली काढून फळ्यावर अडकवली. संध्याकाळी सगळे वेळेवर घरी गेले.

सातवालीला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

आता साच्याचं काय? नवा बनवून यायला पाच महिने. तयार कॅन जेमतेम तीन आठवडे पुरतील एवढे. वेल्डिंग करायची सोय नव्हती. कडेच्या मागेच पाण्याची वाट होती, थंड पाणी खेळवून साचा निववायची. तिथली भिंत इतकी पातळ की वेल्डिंगच्या आचेने साचा वाकडा होणार. दोन वर्षांपूर्वी याचाच जुळा साचा तसा वाकून भंगारात गेला होता.

साहेब म्हणाले, "त्या पावडरवाल्या बाईंना विचारा."

वर्षभरापूर्वी ही बाई कारखान्यात आली होती. कोल्ड स्प्रे नावाचं तंत्र घेऊन तिने गावाबाहेर स्वतःचं वर्कशॉप टाकलं होतं. धातूची भुकटी प्रचंड वेगाने फवारून झिजलेले भाग भरून काढायचे, न वितळवता. काकांनी सगळ्यांसमोर तिला म्हटलं होतं, "बाई, भिंतीला चुना फासतात तसा धातूला धातू फासता येत नाही." लोक हसले होते. ती मात्र आपलं कार्ड टेबलावर ठेवून निघून गेली होती.

शुक्रवारी काका साचा घेऊन तिच्या दारात उभे राहिले. टोमणा येणार म्हणून मान आधीच खाली. तिने टोमणा मारला नाही, म्हणून त्यांना आणखीच कानकोंडं झालं. तिने साचा उजेडात धरला.

"काय दाबलं गेलं?"

"प्लास्टिक."

"दोन मिलिमीटर खड्डा, आणि नुसतं प्लास्टिक?"

"निवून दगड झालेला गठ्ठा होता."

"कानस कुणी मारली?"

"मीच. कडा वर आल्या होत्या."

"घाई केलीत. मला तसाच बघायचा होता." तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण एवढ्या जुन्या माणसाला आणखी काय विचारायचं? तिने खड्ड्यावर लाल रंग लावला, थोडा वेळ मुरू दिला, पुसला आणि वरून पांढरी भुकटी मारली. खाली भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग पांढऱ्यावर फुटून येतो. काही आलं नाही. तिने अर्धा मिलिमीटर धातू खरवडला, बारीक खड्यांचा मारा करून जागा खरखरीत केली आणि साचा आवाजबंद खोलीत लावला.

काचेतून काकांनी पाहिलं. यंत्राच्या हाताला बोटभर लांबीचं नोझल. मागच्या सिलेंडरांमधून तापलेला नायट्रोजन त्यातून सुटायचा आणि पिठाहून बारीक अ‍ॅल्युमिनियमचे कण आपल्याबरोबर ओढून न्यायचा, आवाजाच्या दुप्पट वेगाने. "कण वितळत नाहीत," ती कानापाशी ओरडून सांगत होती. "आपटून चपटे होतात आणि खालच्या धातूला घट्ट धरतात. एकावर एक, एकावर एक." नोझल पुढे-मागे जात होतं आणि कडेवर राखाडी मलमासारखा थर चढत होता. बंद झाल्यावर तिने दार उघडून त्यांना आत बोलावलं. "हात लावा."

काकांनी तळहात ठेवला. साचा कोमट होता. नुकत्याच उठून गेलेल्या माणसाची खुर्ची असते तेवढाच. वेल्डिंगच्या धुराने खोकत, वाकलेले धातू पुन्हा सरळ करत घालवलेली वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. एरवी त्यांनी तिथेच बसून शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. साचा चालला की चौकशी आपोआप थंडावेल, सातवाली परत येईल, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही असं होईल.

रविवारी सकाळी सातवाली त्यांच्या घरी आली. बायकोने दार उघडलं, तिला आत बसवलं, चहा ठेवला. सातवाली खुर्चीच्या कडेवर बसली होती. चार दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"काका, साहेब तुमचं ऐकतात," ती म्हणाली. "एकदा बोलून बघाल? मी हात फिरवला होता."

"बघतो."

"घरी सासरे म्हणतात, लक्ष कुठे असतं तुझं. मी म्हणते, होतं लक्ष. पण काका..." तिने स्वतःचा उजवा हात उलटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "रोज आठवून बघते. आधी स्वच्छ आठवायचं, हात फिरवला, काही नव्हतं. आता आठवायला गेलं की हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटतं. आणि मी तसंच बटण दाबलं. असं झालं असेल का हो? तुम्ही उघडलात साचा. तुम्ही पाहिलंत. माझ्याकडूनच राहिला ना?"

हा क्षण काकांना पुढे कधीही विसरता आला नाही. तोंड उघडलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. त्यांनी कपाकडे बघत म्हटलं, "होतं कधी कधी. माणूसच आहे."

ती हळूच मान हलवून उठली. चहा तसाच राहिला.

बायकोने दार लावलं. जन्मभर शाळेत शिकवून ती नुकतीच निवृत्त झाली होती. ती समोर येऊन बसली. "तिच्याकडे बघत का नव्हता?"

"कुठे काय?"

"अहो, बत्तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारल्यात मी. कॉपी करणारं पोर मला पाठीवरून ओळखू येतं."

काका उठून अंघोळीला गेले. नळ सोडून बराच वेळ नुसते उभे राहिले.

सोमवारी साचा सात नंबरवर चढला. पहिला कॅन निघाला. साहेबांनी जोड उजेडात धरून पाहिला, पाणी भरून उलटा केला. थेंब नाही. दहा झाले, पन्नास झाले. "मानलं काका!" साहेबांनी पाठीवर थाप मारली.

"साहेब, मग त्या पोरीला बोलवायचं ना?" काकांना स्वतःच्या आवाजातली घाई ऐकू आली.

"चालू तर दे आठवडाभर. आत्ताच काय?"

दोनशे बारावा कॅन काढताना ट्रेमध्ये काहीतरी टिणकन पडलं. अंगठ्याच्या नखाएवढी अ‍ॅल्युमिनियमची खपली. कडेवरचा थर सुटून आला होता, आणि त्याच्याखाली खड्डा आधीपेक्षा खोल दिसत होता. मशीन थांबलं. साहेब आपल्या खोलीत गेले आणि फोनवर म्हणाले ते सगळ्यांना ऐकू आलं. "नाही टिकलं. सात नंबरची लाइन बंद करावी लागेल असं दिसतंय. हो, माणसंही कमी करावी लागतील."

काकांनी खपली कागदात गुंडाळली. बसमधून उतरून वर्कशॉपपर्यंतची वाट ते जवळजवळ पळतच गेले. पावडरवाल्या बाईने खपली भिंगाखाली धरली, उलटी केली, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"या, बघा," ती म्हणाली. "वरचा राखाडी भाग माझा. आणि खाली हा चकचकीत पापुद्रा दिसतोय? तो तुमच्या साच्याचा मूळ धातू आहे. माझा थर सुटलेला नाही. त्याने धरून ठेवलं होतं. खालचा धातूच आधी तुटलेला होता, आत, जिथे आपल्याला दिसला नाही." तिने भिंग बाजूला ठेवलं. "प्लास्टिकने असं होत नाही. आत पोलाद होतं. काय होतं?"

काकांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"किल्ली," ते म्हणाले. "माझी. मी ठेवली आणि मीच तिला चालव म्हटलं. खूण होती, ती घासली." मग बाकीचं सगळं बाहेर आलं, फळा, नवी किल्ली, रविवारचा चहा. सांगताना ते रडत होते आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

तिने जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"तुम्ही कानस मारलीत तेव्हा मऊ धातू पसरून भेगेचं तोंड बुजलं," ती म्हणाली. "म्हणून माझा रंग आत गेला नाही. खरं कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी पाच मिलिमीटर खणलं असतं." मग ती म्हणाली, "आज तुमच्या साहेबांनी आणखी चार ठिकाणी सांगितलं असेल, पावडर टिकत नाही म्हणून. कर्ज काढून नाही, माझ्या आईचं घर विकून उभं केलंय मी हे. माझा विचार आला होता तुमच्या मनात?"

"नाही," काका म्हणाले. ते खरं होतं.

"साचा मी दुरुस्त करीन. त्या बाईंचं काय करायचं ते माझ्या हातात नाही."

तिने एक मिलिमीटर खणलं आणि रंग लावला. या वेळी पांढऱ्यावर पापणीच्या केसासारखी लाल रेघ उठली. दोन मिलिमीटर, रेघ तशीच. तीन, चार. पलीकडे पाण्याची वाट जवळ येत चालली होती. ती फुटली असती तर साचा कायमचा गेला. साडेचारवर रेघ नुसता ठिपका झाली, पाचवर नाहीशी. मधे अडीच मिलिमीटरची भिंत शिल्लक होती. काकांनी मोजली, तिने मोजली, पुन्हा काकांनी मोजली. दीड दिवस ती थर चढवत होती. मधेच नोझल तुंबलं, तेव्हा तिने सगळं उतरवून साफ केलं आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी मिलिंग मशीनवर जादा थर कापून, हाताने कड आणायचं काम काकांनी तिच्या टेबलावर आठ तास बसून केलं. एवढी बारीक कड त्यांनी उमेदीच्या वयातही आणली नव्हती. आनंद मात्र कणभर झाला नाही.

शुक्रवारी साचा चढला. पाचशे कॅन झाले, हजार झाले. कडेला नख लावून पाहिलं तरी नवा थर कुठून सुरू होतो ते कळत नव्हतं.

काका साहेबांच्या खोलीत गेले, वाकडी किल्ली टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला बोललात?"

"पावडरवाल्या बाईंना."

"हे बघा काका. साचा चालतोय, विषय संपला. तिला सोमवारी घेतो परत. फाइलला एक समज जाईल, बस. तुमची दोन वर्षं सुखाने जाऊ देत."

"समज कशाला? तिची चूक नाही."

"मग वरचे विचारतील, मध्ये किल्ली होती तर मशीन थांबलं का नाही?" साहेबांनी आवाज खाली आणला. मिटताना मध्ये काही अडकलं तर मशीनने आपोआप थांबायला हवं. त्यासाठी दाबाचा एक आकडा लावलेला असतो. गेल्या वर्षी कॅन जास्त निघावेत म्हणून तो वाढवला होता. "तो आकडा कुणाच्या हातचा आहे?"

"माझ्या. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"लेखी आहे काही?"

खरं सांगायचं तर काका उठले. दारापर्यंत गेले, कडीला हात लावला. ती परत येणार, आपण राहणार, कुणाला कळणार नाही. अकरा दिवस याच्यासाठीच तर त्यांनी तडफड केली होती. मग त्यांना तिचा तो उलटा धरलेला हात दिसला. ते परत येऊन बसले आणि कागद मागितला. चार ओळी लिहिल्या. किल्ली माझी, चूक माझी, खोटं मी बोललो, ऑपरेटरने नियमाप्रमाणे आत पाहिलं होतं. दाबाच्या आकड्याबद्दल त्यांनी अक्षर लिहिलं नाही. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही, एवढंच त्या वेळी त्यांच्या मनात होतं.

तिथून ते थेट सातवालीच्या घरी गेले. ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं.

"अकरा दिवस?" एवढंच तिने विचारलं.

"हो."

तिने दार लावून घेतलं, अगदी हळू.

काकांना कामावरून काढलं. निरोप नाही, हार नाही, दोन ओळींचं पत्र. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नापास झालात. पण पेपर कोरा नाही दिलात." त्यानंतर आठवडाभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. ज्यांना त्यांनी शिकवलं होतं, त्यांच्यापैकी कुणी फिरकलं नाही. रस्त्यात एक जण दिसला, तोही चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकला.

महिन्याभराने कारखान्याचा एक कारकून कागदांवर सही घ्यायला आला. त्याच्याकडून कळलं, सातवाली परत आलीय. फाइल स्वच्छ आहे. पण तिचं काम मंदावलंय. प्रत्येक कॅनला ती तीन-तीनदा हात फिरवते, वाकून बघते, बटण दाबताना डोळे मिटून घेते. साहेब रोज वेळेवरून बोलतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलायच्या वेळी काका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. ती आली, थांबली. काकांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "माफी मागायला आला असाल तर घरी जा. मला वेळ नाही."

"तसं नाही..."

"मला माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही काका. चार वर्षं होता. तो काही तुम्ही आणून देणार नाही." तिने इकडेतिकडे पाहिलं. "एक विचारते. त्या दिवशी मशीन थांबलं का नाही? मी परवा पॅनेलवर दाबाचा आकडा बघितला. पुस्तकात लिहिलाय त्याच्या अडीचपट आहे. तुम्ही लिहून दिलंत त्यात हे होतं?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, मी माझी चूक दुसऱ्यावर ढकलतोय असं होईल."

"तुमचं कसं दिसेल तेच बघितलंत," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्या दिवशीही तेच, नंतरही तेच. जाळीच्या दाराचा स्विच पंधरा दिवसांत दोनदा अडकला. दार उघडं, आणि मशीनला वाटतंय बंद आहे. त्या दिवशी किल्ली होती. उद्या माझा हात असेल, नाहीतर दुसऱ्या पाळीतल्या बाईचा. थांबेल का ते?"

काकांनी मान हलवली. नाही थांबणार.

तिने पिशवीतून वही काढली, मागचं पान फाडलं, पेन दिलं. पहारेकऱ्याच्या खोलीच्या खिडकीवर कागद टेकून काका लिहू लागले. आकडा कधी वाढवला, किती होता, किती केला, कुणी तोंडी सांगितलं, कुणाच्या हाताने झाला. ती शेजारी उभी राहून वाचत होती. एका ठिकाणी त्यांनी महिना चुकवला.

"तो नव्हे, त्याच्या आधीचा," ती म्हणाली. "त्या महिन्यात मी सुट्टीवर होते, आले तेव्हा वेग वाढलेला होता."

काकांनी खोडून दुरुस्त केलं आणि खाली सही केली. तिने कागदाची घडी केली.

"कुणाला देणार?"

"सुरक्षा तपासणीचा माणूस गुरुवारी येतो. त्याच्या हातात."

भोंगा झाला. ती आत निघाली. काका म्हणाले, "कशाला लागलं तर मी येईन. जिथे सांगाल तिथे उभा राहून बोलेन."

"यावंच लागेल," ती मागे न बघता म्हणाली.

त्यांना चौकशीला दोनदा जावं लागलं. दुसऱ्या वेळी साहेबही तिथे होते, आणि काकांनी त्यांच्या तोंडावर सगळं सांगितलं, स्वतःच्या नावासकट. त्यानंतर आठव्या दिवशी सातही मशीनचे आकडे खाली आले आणि दारांचे स्विच बदलले. साहेबांची दुसरीकडे बदली झाली. सातवाली त्या दोन्ही वेळा खोलीत होती. काम झाल्यावर ती बाकीच्या बायकांबरोबर बाहेर पडली आणि चालू लागली. काका बस येईपर्यंत थांब्यावर उभे राहिले, मग घरी गेले.